पहाटेच्या होडीतला माणूस

"बाबा मेले असतील तर मला काळे कपडे घालायचे आहेत," झाम्बेता म्हणाली. "जिवंत असतील तर चार शिव्या घालायच्या आहेत. पण काय ते एकदा कळू द्या, बाई. आठ महिने होत आले, मी हा करडा स्वेटर घालून फिरतेय. धड सुतक नाही, धड काही नाही."

रोदान्थीने कॉफीचा कप खाली ठेवला. शेजारी थेमिस तिसरं लाल अंडं सोलत होता. ईस्टर होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि थिमारी बेटावर जो भेटेल तो त्याच्या हातात लाल रंगवलेलं अंडं कोंबत होता. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

धक्क्यावरच्या त्या कॉफीच्या दुकानातून सगळं बेट दिसत होतं. खाली वाळूत हॉटेलवाले छत्र्या रोवत होते. वर टेकडीवर जुन्या देवळाचे उरलेले खांब. मधली घरं, पायऱ्या, झाडांचे बुंधेसुद्धा ईस्टरच्या नव्या चुन्याने असे पांढरे झाले होते की डोळे दिपावेत.

रोदान्थी पिरेअस या बंदराच्या शहरात खाजगी तपासाचं लहानसं ऑफिस चालवायची. त्याआधी तिने प्रयोगशाळेत नोकरी केली होती. थेमिस तिचा धाकटा दीर, जहाजावरचा निवृत्त आचारी. भाऊ गेल्यापासून वहिनीच्या बॅगा उचलायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. येताना जहाजावर त्याने पुन्हा एकदा धीर केला होता.

"वहिनी, दफनभूमीतून फोन आला होता. तीन वर्षं झाली. दादाची हाडं काढून घ्या म्हणतात, जागा दुसऱ्याला द्यायचीय."

"परत गेल्यावर बघू," ती म्हणाली होती. तसं ती दर वेळी म्हणायची. हे काम कुणालाच चुकत नाही. कबर उघडायची, हाडं लाल वाइनने धुवायची, पेटीत ठेवायची. पण रोदान्थी तो विषय निघाला की खिडकीबाहेर बघायची.

"सुरुवातीपासून सांग," आता ती झाम्बेताला म्हणाली.

सांगण्यासारखं फार नव्हतं. झाम्बेताचे वडील याकोवोस वरच्या देवळाचे आणि तिथल्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाचे राखणदार होते. गेल्या सप्टेंबरात एका सकाळी ते दिसेनासे झाले. संग्रहालयाच्या कपाटातलं तळहाताएवढं संगमरवरी कबूतरही नाहीसं झालेलं. सारांदिस नावाच्या होडीवाल्याने सांगितलं, पहाटे मी त्यांना पलीकडच्या मोठ्या बेटावर सोडलं. बस. चोर पळाला, असं लिहून पोलिसांनी प्रकरण मिटवलं.

"चर्चमध्ये मी बसले की बायका सरकून जागा देतात," झाम्बेता म्हणाली. "कीव येते म्हणून की किळस येते म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही."

"आदल्या दिवशी काय झालं?"

"क्रूसाचा सण होता. आत्याकडे जेवलो. बाबा, मी, मारूसो आत्या आणि आतेभाऊ नेक्तारी. उपासाचंच, मसूर. वारा असा सुटला होता की दारं दोरीने बांधली होती. तीन दिवस जहाज आलं नव्हतं."

"बाबा कसे होते?"

"गप्प. नेक्तारीशी तर एक शब्द नाही. मी विचारलं तर म्हणाले, उद्या सांगतो."

तिने एक फोटो पुढे केला. दोन पुरुष पाठमोरे, देवळाच्या पायऱ्या चढताना. दोघांचे खांदे रुंद, दोघे जरासे वाकून चालणारे. एकाच्या डोक्यावर राखणदाराची टोपी.

"टोपीवाले बाबा. दुसरा नेक्तारी. मामा-भाचे पाठीकडून सारखेच दिसतात. आत्यासुद्धा फसते."

"वडिलांना समुद्र आवडायचा?" थेमिसने विचारलं. त्याला प्रत्येकाबद्दल हे विचारायची सवय होती.

झाम्बेताने बंदराच्या तोंडाकडे बोट केलं. तिथे खडकावर दर्यावर्द्यांना राखणाऱ्या संत निकोलासचं इवलंसं चॅपेल होतं. "बारा वर्षांपूर्वी माझा भाऊ तिथे बुडाला, चॅपेलच्या अगदी समोर. तेव्हापासून बाबा वर्षातून एकदा, डॉक्टरकडे जायला तेवढे जहाजात बसायचे. तिथून जाताना सगळे क्रूसाची खूण करतात, तर हे तोंड फिरवून उभे. म्हणायचे, त्याने त्याचं काम केलं नाही, मी माझं का करू? पाद्रींनी समजावलं, आत्याने समजावलं. ऐकलं नाही."

रोदान्थीने चॅपेलकडे पाहिलं, मग फोटोकडे. "होडीवाला कुठे भेटेल?"

सारांदिस धक्क्याच्या टोकाला जाळं शिवत बसला होता. मूळचा पलीकडच्या बेटाचा, इथे जावई म्हणून येऊन त्याला चार वर्षं झाली होती.

"आठ महिने हेच दळण!" तो वैतागून म्हणाला. "नेला तर नेला. होडी चालवणं गुन्हा आहे का?"

"चोराला नेणं आहे," थेमिस म्हणाला.

"आणि तुम्ही कोण? इन्स्पेक्टर?"

"मी जहाजावर आचारी होतो."

"मग आचारीबुवा, मासे तळा आणि गप्प बसा."

रोदान्थी दोरखंडावर बसली. "कसा आला तो, तेवढं सांग. तुला कोणी काही म्हणणार नाही."

सारांदिसने सुई थांबवली. "आला कुठला? मी आलो तेव्हा होडीतच बसला होता. अंधारच होता म्हणा ना. टोपी कानापर्यंत, गळ्याभोवती मफलर. हाताने पलीकडे दाखवलं. मी म्हटलं, काय याकोवोस, झोपला नाहीस वाटतं? उत्तर नाही. म्हटलं जाऊ दे, रुसलाय कोणावर तरी. पुढे होडीच्या टोकाला नाळेवर बसून राहिला, माझ्याकडे पाठ करून."

"वाटेत काहीच केलं नाही?"

"काय करणार? चॅपेल आलं तेव्हा तीनदा क्रूस केला, सगळे करतात तसा. पलीकडे उतरला आणि चालू लागला."

झाम्बेता मागे उभी होती. तिने तोंड उघडलं; रोदान्थीने नुसता हात वर केला, तशी ती थांबली.

"त्या पहाटे दुसरी कोणाची होडी गेली?"

"कोणाची जाणार? वारा नुकता पडला होता. बाकीचे घोरत होते. दुपारी जहाज आलं, तीन दिवसांनी पहिलं. तोवर मी एकटाच."

वर चढताना थेमिस कुजबुजला, "वहिनी, हाच तो. याकोवोसला बुडवलं आणि कबूतर विकलं."

"मग क्रूसाचं कशाला सांगेल? त्याने ते पाहिलंय म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ त्याला माहीत नाही."

थेमिसलाही तो माहीत नव्हता, पण त्याने तसं दाखवलं नाही.

नेक्तारीचं हॉटेल देवळाच्या टेकडीच्या पायथ्याशीच होतं. तो नव्या पोहण्याच्या तलावापाशी उभा राहून पाणी भरून घेत होता. पस्तिशीचा, रुंद, चेहरा गुळगुळीत दाढी केलेला. स्वागताच्या टेबलावरची लाल अंड्यांची परडी त्याने लगेच पुढे केली. थेमिसने एक खिशात टाकलं.

"मामाबद्दल काय सांगू," तो म्हणाला. "मला मुलासारखं वाढवलं त्यांनी. मी इथे असतो तर हात धरून थांबवलं असतं. पण मी पलीकडे होतो, याच टाइल्स आणायला. दुपारच्या जहाजाने उतरतोय तर धक्क्यावर हीच बोंब."

"छान निळ्या आहेत," रोदान्थी म्हणाली.

हे सगळं बोलताना त्याने झाम्बेताकडे एकदाही पाहिलं नाही.

रोदान्थी कुंपणाशी गेली. टेकडीवरून, देवळाच्या ओट्यापासून, जुन्या दगडी भिंतीचा एक पट्टा रानटी ओव्याच्या झुडपांतून खाली आला होता, दोरी लावल्यासारखा सरळ. कुंपणापाशी तो तुटला. जिथे तुटला त्याच्या पुढे, त्याच रेषेत, तलाव होता.

"मोक्याची जागा," थेमिस म्हणाला.

"हो ना," नेक्तारी म्हणाला, आणि पाण्याच्या नळाकडे वळला.

मारूसो आत्याचं घर दफनभूमीच्या वाटेवर होतं. लांबूनच वेगळं दिसत होतं. आजूबाजूची घरं बर्फासारखी, आणि या घराच्या भिंतींवर हिवाळ्याच्या पावसाचे करडे ओघळ तसेच.

"दरवर्षी आत्याचं घर गावात पहिलं पांढरं होतं," झाम्बेता हळूच म्हणाली. "यंदा गुडघे धरलेत म्हणते. मी लावते चुना म्हटलं, तर अंगावर आली."

आत्या काळ्या कपड्यांत होती, पण त्यात नवल नव्हतं. तिचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती आणि या वयाच्या विधवा काळं उतरवत नाहीत. तिने त्यांना बसवलं, कॉफी आणली, सोबत बार्लीचा वाळवलेला पाव. थेमिसने घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. साखरेचा कण नव्हता. किती हवी ते विचारलंही नव्हतं. त्याने टेबलावर नजर फिरवली. ना अंडं, ना ईस्टरची बिस्किटं.

"पळाला तो," आत्या म्हणाली. "पुरुष पळतात. काय शोधायचंय त्यात? पोरी, तू लग्न कर आणि जा इथून."

"त्यांच्यावर आळ आहे, आत्या."

"आळाने कोणी मरत नाही."

असं म्हणत तिने झाम्बेताच्या केसांवरून हात फिरवला, आणि तो हात बराच वेळ तिथून हलला नाही.

बाहेर पडल्यावर थेमिस पुटपुटला, "या बेटावर मला उपाशी ठेवणारं हे पहिलंच घर. कडू कॉफी नि वाळका पाव! कोणी मेलंय का?"

रोदान्थी वाटेतच थांबली. "पुन्हा म्हण."

"अहो, गंमत केली, वहिनी."

"गंमत नाही केलीस," ती म्हणाली.

संध्याकाळी त्यांनी आत्याला पुन्हा पाहिलं. हातात तेलाची बाटली घेऊन ती दफनभूमीचा उभा चढ चढत होती, मध्ये कुठे न थांबता. ती परत गेल्यावर दोघे वर गेले. आत्याच्या नवऱ्याच्या कबरीची कड नव्या चुन्याने लख्ख होती. दिव्याच्या पेल्यात तेलावर दोन वाती तरंगत होत्या, शेजारी शेजारी.

म्हातारे पाद्री गेट लावायला आले होते. "मारूसो रोज येते," ते म्हणाले. "गेल्या शरदात त्याची हाडं काढायची होती. दिवस ठरला होता, वाइनसुद्धा आणून ठेवली होती तिने. मग ऐनवेळी नको म्हणाली. पडू दे म्हणाली अजून काही वर्षं. कधी कधी होतं असं. माणसाचा जीव होत नाही."

"हो," रोदान्थी म्हणाली. "जीव होत नाही."

मुक्कामावर पोचताच तिने मोठ्या बेटावरच्या पोलिसांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या अंगणात सगळे जमले. झाम्बेता, नेक्तारी, सारांदिस, आणि मोठ्या बेटावरून बोलावलेला एक हवालदार, जो अवघडून दाराशी उभा होता. आत्या उंबऱ्यावर बसली.

"आम्हाला अजून किती छळणार?" नेक्तारी म्हणाला.

"एकच प्रश्न आहे," रोदान्थी म्हणाली. "टाइल्स आणायला तुम्ही पलीकडे गेलात, ते कसे गेलात?"

"जहाजाने. आणखी कसा जाणार?"

"कुठल्या? तीन दिवस वाऱ्यामुळे जहाज नव्हतं. क्रूसाच्या सणाला तुम्ही इथेच मसूर जेवलात, याच घरात. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं जहाज आलं, आणि त्यातून तुम्ही उतरलात. मधल्या वेळात इथून एकच होडी पलीकडे गेली. त्यात एकच माणूस होता."

सारांदिसने डोक्यावरची टोपी काढली. "याकोवोस नव्हता तो?"

"तू त्याचा चेहरा पाहिलास?"

"पाठ पाहिली."

"आणि पाठीवरून मामा-भाचे सारखे. टोपी मामांची, मफलर मामांचा. बोलायचं नाही, वळायचं नाही, सगळं ठरवलेलं होतं. पण चॅपेल आलं आणि हात आपोआप वर गेला. लहानपणापासूनचा हात तो, त्याला कोण थांबवणार? याकोवोसनी बारा वर्षांत तिथे क्रूस केला नव्हता. ज्या संताने मुलगा राखला नाही त्याला हात जोडणार नाही म्हणायचे. पळून जाणाऱ्या चोराने नेमका त्या पहाटे तो राग सोडला असेल, हे मला पटत नाही."

"हे सगळं हवेतलं आहे," नेक्तारी म्हणाला. त्याच्या ओठांवर घाम आला होता. "मी मामाला का काही करेन?"

"वरच्या देवळाची भिंत सरळ खाली येते आणि तुमच्या कुंपणाशी संपते. भिंती अशा संपत नाहीत. तलाव खणताना ती तुम्हाला लागली. कळवलं असतं तर काम काही वर्षं थांबलं असतं. मामांनी तो खड्डा पाहिला. म्हणून ते तुमच्याशी बोलत नव्हते, आणि लेकीला म्हणाले, उद्या सांगतो. तो उद्या त्यांना मिळाला नाही. उलट त्यांनाच चोर ठरवायला त्यांच्याच किल्लीने कपाट उघडलं गेलं."

"मग मामा आहेत कुठे? दाखवा की!"

रोदान्थी त्याच्याकडे न बघता आत्याकडे वळली. तिचा आवाज उतरला.

"बाई, सगळं बेट म्हणत होतं तो पळाला. तुम्हीही तेच म्हणत होता. पण ज्या घरात मरण झालंय ते घर ईस्टरला चुना लावत नाही. तिथे लाल अंडी नसतात, आल्यागेल्याला कडू कॉफी आणि वाळका पाव मिळतो. तुमच्या नवऱ्याचं सुतक कधीच संपलंय. गुडघ्यांचं म्हणाल, तर रोज तो चढ तुम्ही चढता, आणि कबरीची कड वाकून तुम्हीच पांढरी केलीत. तोंडाने तुम्ही खोटं बोललात. पण भावाचं सुतक मोडायला तुमचा हात धजला नाही."

रोदान्थी तिच्यासमोर उंबऱ्यापाशी बसली.

"हाडं काढायचा दिवस ठरला होता, तो तुम्ही ऐनवेळी मोडलात. कारण ती कबर आता उघडून चालणार नव्हतं. दिव्यात दोन वाती आहेत. एक नवऱ्याची."

"आई, काही बोलू नकोस," नेक्तारी म्हणाला.

"पुरे," आत्या म्हणाली. "बस खाली."

तो बसला. लहान मुलासारखा, जमिनीवरच.

"मी फक्त धरलं त्यांना," तो म्हणाला. "थोडं थांबा म्हणत होतो. एक उन्हाळा थांबा. त्यांनी हिसका दिला आणि देवळाच्या पायऱ्यांवरून खाली कोसळले."

"खांद्यावर घालून इथे आणला," आत्या म्हणाली. ती झाम्बेताशीच बोलत होती. "श्वास चालू होता, पोरी. फोन माझ्या हातात होता. हा पायांना मिठी मारून बसला, आई, मला तुरुंगात घालतील. एकीकडे भाऊ, एकीकडे मुलगा. मी फोन धरून उभी राहिले. नुसती उभी. मी काही ठरवलंच नाही. आणि मग श्वास थांबला."

खालून कुठून तरी छत्रीचा खांब ठोकल्याचा आवाज येत होता.

"काही बोलले का?" झाम्बेताने विचारलं.

"दार लावलं का, विचारलं. संग्रहालयाचं. वारा आहे म्हणून."

झाम्बेताच्या गळ्यातून एक आवाज आला, हसल्यासारखा. मग ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

"तलावाच्या खड्ड्यात नाही टाकू दिला मी त्याला," आत्या म्हणाली. "पवित्र जमीन दिली. प्रार्थना येतील तेवढ्या म्हटल्या. ते कबूतर हा समुद्रात फेकणार होता. मी म्हटलं, आण इकडे. त्याने आयुष्यभर राखलंय, अजून राखेल. त्याच्या हातात आहे ते."

हवालदाराने नेक्तारीच्या खांद्यावर हात ठेवला. मग आत्यापुढे येऊन तो नुसताच उभा राहिला; या बाईला उठ कसं म्हणावं, ते त्याला कळेना. ती आपली आपण उठली.

झाम्बेताजवळून जाताना ती थांबली. "लेकी, मला माफ कर म्हणणार नाही मी."

"नका म्हणू," झाम्बेता म्हणाली. तिने मान वर केली नाही. पण आत्याच्या काळ्या झग्याचा घोळ उंबऱ्याच्या खिळ्यात अडकला होता, तो तिने हात लांब करून सोडवला.

दोन दिवसांनी परत निघताना झाम्बेता धक्क्यावर आली होती. अंगावर काळे कपडे होते, दुकानातले, नवेकोरे, घड्या न मोडलेले. थिमारीच्या चर्चमध्ये दुसऱ्या दिवशी याकोवोसची प्रार्थना होती, त्यांच्या नावाने, राखणदार म्हणून. तिने रोदान्थीचा हात तेवढा दोन्ही हातांत धरला.

जहाज चॅपेलसमोर आलं. डेकवरच्या सगळ्यांचे हात वर गेले. थेमिसनेही क्रूस केला, आणि करता करता त्याची नजर वहिनीकडे गेली. तिचे दोन्ही हात कठड्यावर होते. ते तिथून हलले नाहीत. तीन वर्षं वहिनी क्रूस करत नाही, हे आपण कधी पाहिलंच नाही, असं त्याच्या मनात आलं.

चॅपेल मागे पडून ठिपक्याएवढं झालं, तेव्हा ती म्हणाली, "थेमिस, त्या दफनभूमीला फोन कर. येत्या आठवड्यात येतो म्हणावं."

"बरं, वहिनी. वाइन मी आणतो."

"नको," ती म्हणाली. "वाइन मी आणेन. त्याला गोड लागायची. तू भलतीच उचलून आणशील."